हेल्मेटवर दोन टिचक्या

मंगळवार, ४

आज दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की शेवटच्या भागातली माझी उडी एकाच शॉटमध्ये घ्यायची. मध्ये कट नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पडद्यावर मी शूर असते आणि तीच सवय लागली आहे. दुपारचा डबा मात्र तसाच घरी परत आणला.

नंतर वाचताना माझं मलाच कळावं म्हणून नीट लिहून ठेवते. मी पंधरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं मुलांच्या एका मालिकेत अंतराळयानाच्या कॅप्टनची मदतनीस आहे. तिचं नाव बटण, कारण पहिल्याच भागात तिने नको ते बटण दाबलं आणि यान भलत्याच ग्रहावर उतरलं. बटणचं ठरलेलं वाक्य आहे, "मी आहे ना!" ते ऐकलं की माझा धाकटा भाऊ अजूनही पलंगावरून उडी मारतो. आणि मी? पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आता उडीबद्दल. माझ्या चंदेरी अंगरख्याला पाठीवर दोन कड्या आहेत. एक मोठी, चकचकीत. ती आत्याने शिवली आहे. आत्या कपडेपट सांभाळते, तिनेच मला इथे आणलं. ही कडी फक्त शोभेची. "चार टाके आणि गोंद आहे गं, तिला पाण्याची बाटलीसुद्धा टांगू नकोस," असं आत्या पहिल्या दिवसापासून बजावते. दुसरी कडी काळी, पोलादी, अंगरख्याच्या झडपेखाली लपलेली. ती आतल्या पट्ट्यांना जोडलेली असते आणि माझा जीव खरा तिच्यावर.

आतापर्यंत असं चालायचं. कॅमेऱ्यासमोर कॅप्टन तारेचा आकडा चकचकीत कडीत अडकवायचे, माझ्या हेल्मेटवर दोन टिचक्या मारायचे, कट. मग तारवाले मास्तर येऊन तो आकडा काळ्या कडीत लावायचे, दोनदा ओढून बघायचे, आणि मग मी उडी मारायची. आता कट नाही, म्हणजे मास्तर वर येणार नाहीत. ते खाली तार धरून उभे राहणार. झडप उचलून काळ्या कडीत आकडा कॅप्टनच लावणार. दोन टिचक्या म्हणजे लागला. मग मी यानाच्या पुलावरून खाली. पूल दोन मजले उंच आहे. खाली गाद्या आहेत, पण टोकाखाली नाहीत, तिथे कॅमेरा आहे.

मास्तर म्हणाले, "वर माझा एक माणूस हवा."

दिग्दर्शक म्हणाले, "फ्रेममध्ये दिसेल."

कॅप्टन हसले. "अहो मास्तर, सत्तर भाग आकडा लावतोय मी. हात आपोआप जातो."

सगळे हसले.

बुधवार, ५

आज परत बोलणी खाल्ली. इंधन संपत आल्याचा प्रसंग होता. कॅप्टनना मोठं भाषण होतं. चौथ्या वाक्यानंतर ते थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी त्यांचे डोळे कसे होतात ते मला आता ओळखू येतं. मी लगेच विचारलं, "कॅप्टन, म्हणजे आपल्या हातात फक्त तीन मिनिटं आहेत?"

"तीनच मिनिटं, बटण!" आणि पुढची गाडी सुसाट.

शॉट संपल्यावर दिग्दर्शक माझ्यावर उखडले. "स्क्रिप्टमध्ये नसलेले प्रश्न विचारायचे नाहीत. छप्पन्न वेळा सांगितलंय." मी मान खाली घातली. दोन महिने हेच चाललंय. कॅप्टन त्यांच्यासमोर काही बोलत नाहीत, पण नंतर खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवतात. आज दोन ठेवल्या.

त्यांचा माझ्यावर जीव आहे. पूर्वी ते मला माझ्या नावाने हाक मारायचे. आता जेवताना, गाडीत, आईसमोर, सगळीकडे फक्त बटण. आत्याला हे आवडत नाही, मला आवडतं. परक्याला कोणी लाडाचं नाव ठेवत नाही.

दुपारी ते रंगपटाचं दार शोधत दोनदा सामानाच्या खोलीत शिरले. दुसऱ्यांदा बाहेर येऊन मला म्हणाले, "ग्रह चुकला." मी हसून हसून बेजार.

शनिवार, ८

गंमतच झाली. लेखकांनी माझे जास्तीचे प्रश्न आता स्क्रिप्टमध्येच घालायला सुरुवात केली आहे. मुलांना आवडतात म्हणे. भाऊ सांगत होता की शाळेत सगळी पोरं दिवसभर एकमेकांना विचारतात, "कॅप्टन, म्हणजे आता आपण डबा खायचा?" बाईंनी दोघांना बाकावर उभं केलं.

पण त्यामुळे एक भानगड झाली. लिहिलेले प्रश्न मला विचारावे लागतात, आणि कॅप्टन अडतात भलतीकडेच.

संध्याकाळी आईने सहज विचारल्यासारखं विचारलं. आई परिचारिका आहे, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. ती सहज काही विचारत नाही.

"तुझे कॅप्टन वाक्यं विसरतात की माणसं?"

"वाक्यं. तीही थोडी. दमल्यावर."

"चष्मा, किल्ल्या, असलं काही?"

"आई, तू पोलीस आहेस का?"

कालच त्यांचा चष्मा माझ्या हेल्मेटमध्ये सापडला होता. ते मी सांगितलं नाही. आईला सांगितलं की ती आत्याला सांगणार, आत्या मास्तरांना, आणि दुसऱ्या दिवशी वेगळेच कॅप्टन उभे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बुधवार, १२

आजचं लिहायलाच हवं.

आज उडीची तालीम होती. पुलावर नाही, कमरेएवढ्या चौथऱ्यावर. मास्तरांनी कॅप्टनना तीन वेळा दाखवलं. झडप उचला, काळी कडी, आकडा, खटकन आवाज, टिचक्या. कॅप्टननी बरोबर लावला. मी उडी मारली, तार ताणली गेली, मांड्यांचे पट्टे आवळले आणि मी पिशवीसारखी लोंबकळले. मास्तर खूश झाले आणि त्यांना कोणीतरी बोलावलं म्हणून बाहेर गेले.

"अजून एकदा," कॅप्टन म्हणाले.

आकडा लागला. टक, टक. मी सवयीने थोडी पुढे झुकले. मांड्यांचे पट्टे आवळले नाहीत. नुसता अंगरखा मानेपाशी वर आला.

खरी कडी ओढली की पट्टे आवळतात. खोटी ओढली की कापड वर येतं. हे मला, खारीला आणि मास्तरांनाच कळतं. (खार म्हणजे मास्तरांची लेक. अवघड उड्या माझ्याऐवजी ती मारते. अठरा वर्षांची आहे आणि झोपेतसुद्धा खांबावर चढेल.)

मी हात मागे नेला. आकडा चकचकीत कडीत होता.

"झालं ना?" कॅप्टननी विचारलं.

"झालं," मी म्हटलं आणि तशीच चौथऱ्यावरून उतरले. आकडा मीच काढला.

सांगायला हवं होतं. मला माहीत आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, भावाचं गणित बरोबर आल्यावर असतो तसा. आणि सांगून काय होणार? त्यांना काढतील. पहिल्या दिवशी मी शौचालयात लपून रडत होते, तेव्हा दाराबाहेर जमिनीवर बसून, "मलाही भीती वाटते, तू बाहेर आलीस तर बरं होईल," असं म्हणणारा माणूस आहे हा. त्यांना मी कशी काढू देऊ?

ठरवलं. उडीआधी झुकून बघायचं. कापड वर आलं तर गुपचूप हात मागे न्यायचा आणि आकडा काळ्या कडीत घालायचा.

गुरुवार, १३

अंगरखा आणि एक जुना आकडा गुपचूप घरी आणला. न्हाणीघराचं दार लावून सराव केला. झडप, आकडा, कडी. सात सेकंद. नंतर सहा. भावाने बाहेरून विचारलं, "कॅप्टन, म्हणजे तुम्ही आज बाहेर येणार नाही?"

सोमवार, १७

उद्या उडी. तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिलं की भीती खरी होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागे आख्खं कुटुंब लागलं आहे.

दुपारी कॅप्टन माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ हातमोज्याच्या बोटांशी खेळत होते. मग म्हणाले, "बटण, उद्या तू विचारशील ना?"

"काय?"

"कोणती कडी, ते. तू विचारलंस की मला आठवतं."

म्हणजे त्यांना माहीत आहे. मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच दुप्पट भीती वाटली. "मी आहे ना," मी म्हटलं. पहिल्यांदाच ते वाक्य कॅमेऱ्याशिवाय म्हटलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात गार होता.

"कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "एवढा भाग होऊन जाऊ दे."

मंगळवार, १८

आई म्हणते झोप. मी म्हटलं, लिहून झोपते.

सकाळी पुलावर चढले. खाली चाळीस माणसं, मास्तर तार धरून उभे. कॅमेरा आमच्या समोर, म्हणजे त्याला आमचे चेहरे दिसणार, माझी पाठ नाही. पाठ फक्त कॅप्टनना दिसणार.

पहिला टेक. मी विचारलं, "कॅप्टन, काळी कडीच ना?"

"अर्थात काळी, बटण!" खणखणीत आवाजात उत्तर आलं. मागे खटकन झालं. टक, टक. मी झुकले. अंगरखा मानेपाशी वर आला.

तोंडाने काळी म्हणाले आणि हाताने चकचकीत लावली. हात आपोआप जातो.

मी हात मागे नेला. सहा सेकंदांचा सराव केला होता, पण मोकळ्या हाताने. आज हातात अंतराळवीराचे जाड मोजे होते. बोटांना काही लागेचना. झडप कुठे, आकडा कुठे, काही कळेना. इतका मूर्खपणा माझ्याशिवाय कोणी करणार नाही.

"कट! काय झालं?"

"भीती वाटली," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

कॅप्टननी स्वतःच आकडा काढला. त्यांना वाटलं मी खरंच घाबरले. हळूच म्हणाले, "घाबरू नकोस, मी लावलाय ना."

दुसरा टेक. तसाच. तिसऱ्या वेळी विचारून उपयोग नाही हे कळत होतं. तरी विचारलं. "काळी," ते म्हणाले. कापड वर आलं. मी पुलाच्या टोकावर खाली बसले.

खालून कोणीतरी म्हणालं, "ही कसली बटण!" कोणीतरी हसलं. मला चाललं. मनात म्हटलं, हसा. रद्द करा उडी. उद्या करू, परवा करू, कट घेऊन करू.

दिग्दर्शक म्हणाले, "खारीला तयार करा. हेल्मेटची काच खाली घेतली की चेहरा दिसणार नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच दिवस मी फक्त माझ्या उडीचा विचार केला होता. मी उडी मारली नाही तर दुसरं कोणी मारेल, एवढी साधी गोष्ट.

खार दुसरा अंगरखा घालून वर आली. ती माझ्याहून उंच, तिला तो आखूड होतो, सगळीकडून आधीच आवळलेला. तिला फरक कळणार नव्हता. मी तिला म्हटलं, "उडी मारण्याआधी झुकून बघ हं."

"काय बघू? आपलं साधं आहे. दोन टिचक्या की उडी," ती म्हणाली आणि माझ्या हेल्मेटवर हात फिरवला. "जा, खाली जाऊन पाणी पी. पांढरीफटक पडलीयेस."

तेव्हा सांगायचं होतं. कॅप्टन माझ्याकडे बघत होते. 'कोणाला सांगू नकोस' असंच बघत होते. मी पायऱ्यांकडे वळले. मनाशी म्हटलं, या वेळी बरोबर लावतील. तालमीत एकदा लावला होता की. पाच-सहा पायऱ्या उतरले आणि पुढे जाववेना. तिथेच अंधारात बसले. समोर खारीची पाठ.

दिव्याच्या उजेडात ती कडी चमकली. आकडा तिच्यातच होता.

कॅप्टननी बोट वर केलं. टक.

थांबा म्हणायला हवं होतं. आग लागली असती तरी मला तेव्हा थांबा सुचलं नसतं. दोन महिने तोंडाला जे वळण लागलं होतं तेच बाहेर पडलं, पण असल्या आवाजात की माझाच मला ओळखू आला नाही.

"कॅप्टन, कोणती कडी?"

त्यांचं बोट हवेतच राहिलं. खार गुडघे वाकवून तयार होती. एकच टिचकी झाली होती, म्हणून हलली नाही. सगळे वाट बघत होते, ते खणखणीत उत्तर देतील म्हणून. मीसुद्धा.

त्यांनी हळूहळू मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "बटण, मला माहीत नाही गं."

मास्तर तार तशीच बांधून धावत वर आले. त्यांनी लेकीच्या पाठीकडे पाहिलं. चकचकीत कडी दोन बोटांत धरून ओढली, आणि चार टाके उसवून ती त्यांच्या हातात आली. ते तिथेच पुलावर बसले. कॅप्टनचं बोट अजून वरच होतं.

शुक्रवार, २१

चित्रीकरण बंद आहे. सगळ्यांना सांगितलंय, कॅप्टनची तब्येत बरी नाही. खरं सगळ्यांना माहीत आहे.

खार घरी आली होती. दारातच तिने माझ्या दंडावर एक जोरात गुद्दा मारला. "तीन टेक! तीन टेक तुला माहीत होतं आणि मी पाणी पी म्हटल्यावर तू सरळ निघून गेलीस?" मग तिने मला धरलं आणि आम्ही दोघी रडलो. दंड काळानिळा झाला आहे. मला तो दुखतोय हे बरं वाटतं.

दिग्दर्शकांनी फोन करून माझी माफी मागितली. मी काय म्हणणार? मास्तरांनी फोन केला नाही. आत्याने दोन्ही अंगरख्यांची झडप कापून टाकली आणि चकचकीत कड्या कचऱ्यात टाकल्या. दिवसभर एकच म्हणत होती, "मीच कशाला इतकी चमकवली?"

आईला सगळं सांगितलं. चष्म्याचंही. मला वाटलं रागावेल. तिने फक्त विचारलं, "त्यांनी तुला नावाने हाक मारणं कधी बंद केलं?"

मी म्हटलं, त्याचा काय संबंध?

तिने फणी घेतली. माझे केस विंचरत बसली.

मला सारखं एकच आठवतं. मी विचारलं की त्यांना आठवायचं. या वेळी मी विचारलं, आणि त्यांना सगळ्यांसमोर कळलं की आठवत नाही. दोन वर्षं त्यांनी मला सांभाळलं, आणि मीच त्यांना उघडं पाडलं. आई म्हणते एका मुलीचा जीव वाचला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच झोप येत नाही.

रविवार, ३०

आज आईबरोबर कॅप्टनच्या घरी गेले. जायचं नव्हतं. दार उघडेपर्यंत मनात हेच की ते तोंड फिरवतील, किंवा ओळखणारच नाहीत. यातलं वाईट कोणतं, ते ठरत नव्हतं.

त्यांच्या पत्नीने दार उघडलं. काकू बारीक झाल्या आहेत. म्हणाल्या, "चार दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही त्यांनी. दारापर्यंत येतात आणि थांबतात."

कॅप्टन खिडकीजवळ बसले होते. मला पाहिल्याबरोबर उठले. "बटण! उशीर केलास."

मला एवढं रडू आलं की मी खोकल्याचं नाटक केलं.

भिंतीवर काकूंनी फोटो लावले होते आणि प्रत्येकाखाली कॅप्टनच्या अक्षरात चिठ्ठी होती. मुलगा. सून. डॉक्टर, गुरुवारी येतात. माझा फोटो यानातला, हेल्मेटसकट. खाली लिहिलं होतं, 'बटण. ही विचारते.' त्याखाली नावासाठी रेघ ओढली होती आणि रेघेवर काहीच नव्हतं. मी काकूंना म्हटलं, राहू दे तशीच. मग आईचा तो नावाचा प्रश्न आठवला आणि तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"फिरायला जाऊ या का?" मी विचारलं. कॅप्टननी कोट आणला. बाही सापडेना.

"कॅप्टन, म्हणजे आधी डावा हात?"

"अर्थात डावा."

"आणि मग वरचं बटण?"

"वरचं कशाला? खालून सुरुवात करायची असते." त्यांनी खालून वर सगळी लावली, एकही चुकवलं नाही. काकू दाराआड गेल्या.

दारापर्यंत आलो. बाहेर एकच पायरी, खाली अंगणातली फरशी. कॅप्टन उंबऱ्यावर थांबले. खाली पाहिलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि थरथरत होता. ते थरथरणं मला पाठ आहे, माझंच आहे ते. दोन मजल्यांवरून खाली बघितल्यावर होतं तसं.

"बटण," ते हळूच म्हणाले, "कोणती कडी?"

मी त्यांच्या मागे गेले. कोटाची पाठ नीट केली, कॉलर सरळ केली. मलाही भीती वाटत होती, पण त्यांच्याएवढी नाही.

"काळी, कॅप्टन. ओढून बघितली. पक्की आहे."

त्यांच्या टोपीवर मी दोन टिचक्या मारल्या.

त्यांनी डोळे मिटले आणि पायरी उतरले.